चार चाप, दोन जागा

फाल्गुन वद्य अष्टमीला सकाळी सड्यावरच्या वाटेवर दोन चापांत दोन कोल्हे सापडले. एक नर, एक मादी. साल एकोणीसशे तीसनंतरचे, होळी होऊन आठवडा उलटला होता. दोन्ही चाप एकमेकांपासून अडीच हातांवर होते. हेच चाप त्याआधी नऊ रात्री याच वाडीभोवती मांडलेले होते आणि त्यांत काहीही सापडले नव्हते.

वाडी राजापूर तालुक्यातली. नाटे गावच्या किनाऱ्यावरून चढण चढत आले की तास-दीड तासाने ती लागते. वाडीच्या वर जांभ्या दगडाचा सपाट सडा आहे. पावसाळ्यात तिथे गवत उगवते, एरवी कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. मी त्या वेळी मुंबईत एका वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रिते तपासत असे. हिवतापाने अंगात त्राण उरले नव्हते, म्हणून तीन महिन्यांची रजा घेऊन घरी आलो होतो. डॉक्टरने रोज सकाळी चालायला सांगितले होते. रोजच्या नोंदी वहीत करायची सवय होती. पुढचा तपशील त्या वहीतला आहे.

आमच्या शेजारी एक काकी राहत असे. नात्याने कोणी नव्हे, पण वाडीत सगळे तिला काकीच म्हणत. वय साठीच्या आसपास, नवरा वारून बरीच वर्षे झालेली. एकुलता एक मुलगा मुंबईला गोदीत कामाला होता आणि बायकामुलांसह एका खोलीत राहत होता. काकीकडे सात शेळ्या होत्या. त्यांच्या दुधावर आणि करडांवर तिचे चालत असे. त्या वर्षी दिवाळीपासून पाच करडे कोल्ह्यांनी नेली. गोठ्याचा कूड तिने काट्यांनी भक्कम केला होता, पण करडे जात ती तिथून नव्हे. सांजावताना शेळ्या सड्यावरून उतरत, तेव्हा मागे रेंगाळलेले करडू उचलले जाई. वाडीत बंदुकीचा परवाना कोणाकडेच नव्हता.

मुलाची पत्रे काकीला मीच वाचून दाखवीत असे; ती मला भाऊ म्हणे. प्रत्येक पत्रात एकच गोष्ट होती. शेळ्या वीक आणि मुंबईला ये. काकीचे उत्तरही प्रत्येक वेळी तेच, मी लिहून देत असे. शेळ्या आहेत तोवर मी इथे आहे. शेळ्या गेल्या तर तिला गावात राहायला कारण उरणार नाही, हे दोघेही धरून चालले होते.

शिमग्यासाठी तो फाल्गुन शुद्ध पंचमीला बोटीने आला. रजा वद्य एकादशीच्या बोटीपर्यंत होती. येताना त्याने गोणपाटात गुंडाळून चार लोखंडी चाप आणले. गोदीजवळच्या भंगारवाल्याकडे मिळाले होते, कोणत्या तरी परदेशी बोटीतून उतरलेले. चापाला दोन दातेरी जबडे, दोन्ही बाजूंना जाड पोलादी पट्ट्या, मधे हाताच्या तळव्याएवढी चकती. पट्ट्या दाबल्या की जबडे उघडतात, चकतीवर पाय पडला की मिटतात. एका बाजूला दोन हात लांब साखळी.

काकीने गोणपाट उघडले आणि दोन पावले मागे सरली.

"ह्ये काय आणलंस रे? दात बघ मेल्याचे!"

"तुझ्या कोल्ह्यासाठी आणलंय, आये."

"आणि माझा पाय पडला मंजे?"

"मंजे मग बोटीपर्यंत उचलून न्यायला बरी पडशील."

वाडीत नवी वस्तू, मग तो नांगराचा फाळ असो नाहीतर कोयता, देवाला दाखवल्याशिवाय कामाला लावत नाहीत. चाप तर परक्या मुलखातले, समुद्रावरून आलेले आणि जीव घेणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही चाप पाटावर मांडले. त्यांना हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, धूप आणि कापूर लावला. गुरवाने नारळ फोडून त्याचे पाणी जबड्यांवर शिंपडले आणि गाऱ्हाणे घातले की, या लोखंडाला यश येऊ दे, वाडीतल्या माणसाच्या नि गुराच्या पायाला ते लागू नये. जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हटले. पट्ट्या करकरत होत्या म्हणून मुलाने त्यांना खोबरेल तेल चोळले. त्याच संध्याकाळी चार चाप चार दिशांना एकेक करून मांडण्यात आले. गुरवाचे म्हणणे चारी दिशा बांधाव्यात असे होते, आणि मुलालाही ते पटले. आमिष म्हणून सुक्या बांगड्याची डोकी ठेवली.

चाप दिवे लागायच्या सुमारास मांडायचे आणि पहाटे उचलायचे असे ठरले. सगळी वाडी अनवाणी चालणारी होती. सकाळी काकीबरोबर चाप उचलायला मी जात असे.

नऊ रात्रींत काही सापडले नाही. कोल्हे येत मात्र होते. सड्यावर कातळाच्या खळग्यांत थोडी माती साचते, तिच्यात ठसे स्पष्ट उमटत. ठसे चापाच्या दिशेने सरळ येत, दहा-बारा पावलांवर थांबत आणि वळून जात. चारही ठिकाणी हेच. शुद्ध नवमीला संध्याकाळी शेळ्या उतरताना सहावे करडू गेले. ते चापापासून साठ पावलांवर गेले.

होळीच्या दुसऱ्या दिवशी मुलगा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून म्हणाला, "झालं आये. मी खाटकाला सांगून आलोय. दशमीला येतो तो. सातही शेळ्या आणि करडं नेईल. एकादशीला तू माझ्यासंगती बोटीत."

काकी सुपात तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले नाही.

"बोट एकादशीला ना?"

"एकादशीला."

"मग एकादशीपर्यंत थांब. तवर कोल्ह्यानं आणखी एक जरी करडू नेलं तर मी स्वतः गाठोडं बांधतंय. नाय नेलं तर खाटकाला आल्या वाटेनं लाव. आणि पुन्हा ह्या गोष्टीचं पत्र घालू नको. भाऊला वाचून वाचून कंटाळा आला."

मुलगा माझ्याकडे बघून हसला. "लिहून ठेवा तुम्ही. नाहीतर उद्या म्हणेल मी बोललेच नाय." मी ते शब्द वहीत लिहून घेतले.

वद्य द्वितीयेला किनाऱ्यावरचा तांडेल वर आला. तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीचा मुख्य. काकीच्या रानात ऐनाची झाडे होती. सुताची जाळी कुजू नयेत म्हणून कोळी ती ऐनाच्या सालीच्या पाण्यात उकडतात. त्या सालीसाठी तो दरवर्षी येई आणि बदल्यात सुकी मासळी देऊन जाई. खळ्याच्या कडेला चाप पडलेले होते. त्याने एक उचलला, नाकाजवळ नेला आणि काकीकडे पाहिले.

"वैनी, ह्याला हळद कुणी लावली?"

"गुरवानं. देवाला दाखवलाय तो."

"देवाला दाखवलात ते बरं केलात. पण कोल्ह्याला पण दाखवलात की! हळद, धूप, कापूर, वर खोबरेल. लगीन लावताय की काय त्याचं? तो लांबून हुंगतो नि म्हणतो, आज देवळात काय तरी हाय, आपण उद्या येऊ."

मुलाला हे आवडले नाही. "वासाचं काय? बांगडा ठेवलाय वर."

"बांगडा ठेवलास म्हणून तर आला. दहा पावलांवर का थांबला, ते सांग."

तांडेल पुढे म्हणाला, "आणि चार चाप चार ठिकाणी? खाडीत एक जाळं हितं नि एक जाळं तितं टाकून मी बसलो तर माझी पोरं उपाशी मरतील. मासा येतो कुठून नि वळतो कुठं, ते बघायचं. एक जाळं येण्याच्या वाटेवर, एक वळण्याच्या वाटेवर. कोल्हा आमिषावर सरळ येत नाय. वाऱ्याच्या खालच्या अंगानं फेरी मारतो. ज्या जागी फेरी मारतो तिथं दुसरा चाप नसेल तर पहिला काय कामाचा?"

"आणि त्यातून एक सापडला तर दुसरा पळेल ना?"

"पळायचा नाय. ह्या दिवसांत ती दोघं जोडीनं असतात. एक अडकला की दुसरा भोवती घुटमळतो."

ह्यावर काकी म्हणाली, "माणसापेक्षा बरा." मुलाने ते ऐकले न ऐकलेसे केले.

तृतीयेला तांडेलाने चाप किनाऱ्यावर नेले. जाळ्यांची काहील चढवलेलीच होती. चाप आधी राखेने आणि वाळूने घासले, मग ऐनाच्या सालीच्या पाण्यात दुपारभर उकडले. बाहेर काढले तेव्हा लोखंड काळपट तांबडे झाले होते, जांभ्या दगडासारखे. त्यांना हात न लावता काठीने उचलून झाडाच्या फांदीला दोन दिवस वाऱ्यावर टांगून ठेवले. तांडेलाची आणखी एक अट होती. चाप काकीनेच मांडायचे.

"तिच्या अंगाला शेळीचा वास हाय," तो म्हणाला. "त्या वाटेवर कोल्ह्याला तिचा वास रोजचा. तुझ्या अंगाला मुंबईच्या साबणाचा येतो."

"अंघोळ करणं पण वाईट काय आता?" मुलगा म्हणाला.

"शेळ्या राखणाऱ्यानं कमी करावी."

पंचमीला संध्याकाळी चाप मांडले. जागा दोनच निवडल्या. पहिली, सड्यावरची वाट रचीव दगडांच्या गडग्यातल्या फटीतून खाली उतरते तिथे. दुसरी, गोठ्यामागच्या बांबूच्या बेटाशी. प्रत्येक जागी दोन चाप. एक आमिषाच्या खड्ड्याशी, दुसरा अडीच हात मागे, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. आमिष म्हणून आता बांगडा नव्हता. सहाव्या करडाचे काकीला सापडलेले अवशेष मातीत अर्धवट पुरले होते.

दोन अडचणी आल्या. पहिली खुंटीची. सड्यावर चार बोटे मातीखाली कातळ लागतो, त्यात खुंटी जात नाही. तेव्हा प्रत्येक साखळी एकेका चिऱ्याला, म्हणजे घरासाठी खाणीतून काढलेल्या घडीव जांभ्या दगडाला, बांधली आणि चिरा पाचोळ्याखाली झाकला. चापासाठी कातळात टिकावाने उथळ खळगा केला आणि टोपलीतून आणलेल्या कोरड्या मातीने भरला. दुसरी अडचण काकीची होती. चाप उघडायला दोन्ही पट्ट्यांवर पाय देऊन उभे राहावे लागते. काकी उभी राहिली, पट्ट्या हलल्या नाहीत. वजन कमी पडत होते.

मुलगा पुढे झाला. "बाजूला सर, मी उभा राहतो."

"तू साबणवाला. लांब हो."

तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मला एक चिरा तिच्या डोक्यावर चढवायला सांगितला. मी आणि मुलाने मिळून तो चढवला. ती पुन्हा पट्ट्यांवर उभी राहिली, पट्ट्या दबल्या, जबडे उघडले. मग पाठ ताठ ठेवून ती सावकाश उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी चकतीची अडणी लावली. पुढचे तीन चापही तिने असेच मांडले. पायांना तिने गोणपाट गुंडाळला होता. माती, वर वाळका पाला, आणि दोन चापांच्या मधे आडवी एक काटकी ठेवली. कोल्हा काटकीवर पाय देत नाही, ओलांडून पलीकडे टाकतो. पलीकडे चकती होती.

षष्ठी आणि सप्तमीला चाप रिकामे होते, पण ठसे आता आमिषापासून तीन पावलांपर्यंत आले होते. अष्टमीला सकाळी गडग्याकडे जाताना आम्हाला साखळीचा आवाज आला. मादी आमिषाशेजारच्या चापात होती, पुढच्या उजव्या पायाने धरलेली. नर मागच्या चापात होता. त्याच्या पंजांचे ठसे तिच्याभोवती फेर धरून उमटले होते. तीन फेऱ्या मोजता आल्या, चौथी अर्धी होती. त्यावरून मादी आधी सापडली असावी. दोघांनी दोन्ही चिरे हातभर ओढत नेले होते.

मुलगा आणि वाडीतले दोघे काठ्या घेऊन आले. दोन्ही कोल्हे मारण्यात आले. काकीने मादी काठीने उलटी केली.

"दूध हाय हिला," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. आपल्या पण शेळीला होतं, तिचं पोर ह्यांनी नेलं तवा." थोड्या वेळाने ती म्हणाली, "पिल्लं कुठं असतील बघून या." दोघे जण दुपारपर्यंत करवंदीच्या जाळ्या बघत फिरले. पिल्ले सापडली नाहीत.

एकादशीला तीन दिवस होते. कोल्हे दोनच असतील असे कोणी म्हणत नव्हते. अष्टमीला चाप पुन्हा त्याच जागी मांडले. नवमीला तांडेल मासळी घेऊन आला तेव्हा काकी शेळ्यांमागे होती, मी घरात पडून होतो. तो मुलाला म्हणाला की, गडग्याच्या वर नराने थांबून पायांनी उकरलेली माती तशीच ठेव आणि तिच्या कडेला एक चाप लाव, दुसरा कोल्हा आला तर आधी तिथे हुंगेल. संध्याकाळी काकीने चारही चाप नेहमीप्रमाणे मांडले. ती घरात आल्यावर मुलाने बांबूच्या बेटाजवळचा एक चाप काठीने मिटवला आणि गडग्याच्या वर दहा पावलांवर, उकरलेल्या मातीच्या कडेला नेऊन मांडला. हे त्याने कोणाला सांगितले नाही. दशमीला पहाटेच तो बोटीची चौकशी करायला बंदरावर गेला.

सकाळी मी आणि काकी चाप उचलायला गेलो. गडग्याशी दोन होते, रिकामे. बेटाशी एकच होता.

"चौथा कुठं?" मी विचारले.

"त्यानंच उचलला असंल. पहाटे जाताना घेतला असंल खळ्यात टाकायला."

खळ्यात जाऊन आम्ही पाहिले नाही. काकीने शेळ्या सोडल्या. अर्ध्या तासाने सड्यावरून करडाचा ओरडा आला. एक तांबडे करडू, सहा आठवड्यांची पाठ म्हणजे मादी, वाट सोडून उकरलेल्या मातीत गेली होती. मागच्या डाव्या पायाचे हाड मोडले होते. काकीने पट्ट्यांवर पाय दिले, मी वरून तिचे खांदे दाबले. जबडे उघडले. करडाला तिने पदरात घालून खाली आणले आणि बांबूच्या कांबी लावून पाय बांधला.

मुलगा दहाच्या सुमारास परत आला. करडू काकीच्या मांडीवर होते.

"काय झालं?"

"तुझ्या चापानं खाल्लं."

त्याने पाय पाहिला. "जगायचं नाय हे. मंजे गेलंच. आये, बोलल्याप्रमाणे कर आता. खाटीक दुपारी येतोय."

"गेलं कुठं? हे काय, माझ्या मांडीवर हाय."

"मोडक्या पायाचं करडू मंजे गेलंच की."

"भाऊ," काकी म्हणाली, "वहीत काय लिवलंय ते वाच."

मी वही आणून वाचले. एकादशीपर्यंत कोल्ह्याने आणखी एक जरी करडू नेले तर.

"कोल्ह्यानं," काकी म्हणाली. "कोल्हा दिसतोय का हितं तुला? मी चार चाप मांडले, चार उचलायला गेले. तीन मिळाले. चौथा तिथं वर कुणी नेला?"

मुलगा म्हणाला, "मी."

"मला सांगितलंस?"

"नाय. तांडेल बोलला म्हणून..."

"तांडेलाचं बोलणं कानात जातं, आईला सांगायचं मंजे जीभ दुखते. उद्या तिथं माझाच पाय पडला असता तर?"

सड्यावर जाऊन त्याने चौथा चाप आणला, चारही मिटवून साखळ्या गुंडाळल्या आणि गोठ्याच्या आढ्याला टांगले.

खाटीक दुपारी आला. काकीने त्याला गूळपाणी दिले. त्याने शेळ्यांकडे पाहून विचारले, "सात ना?"

मुलगा म्हणाला, "यंदा नाय. तुमची उगाच खेप झाली."

खाटकाने करडाकडे बोट दाखवले. "हे तरी? पाय मोडलाय, नाहीतरी मरणार."

"त्याला हात लावू नको," काकी म्हणाली.

त्या रात्री चाप मांडले नाहीत. एकादशीला सकाळी सहा शेळ्या आणि बाकीची करडे सड्यावर गेली, एक शेळी आपल्या तांबड्या पाठीजवळ गोठ्यात राहिली. होळीच्या दुसऱ्या दिवशी होती ती सगळी करडे त्या सकाळी होती. मुलगा बोटीला निघाला तेव्हा काकी वाटेच्या वळणापर्यंत गेली आणि सुनेसाठी कुळथाच्या पिठाचे गाठोडे देऊन परतली. बंदरापर्यंत मी गेलो. बोट दोन तास उशिरा आली. तो एकटाच चढला.

तांबडी पाठ जगली. मोडलेला पाय आखूड राहिला. काकी पुढे एकदा मुंबईला गेली, नातीच्या बारशाला, आणि पंधरा दिवसांनी परत आली.